टॉपमधे क्यूएमू ४०० टक्के दाखवतंय? होस्टवर व्हीएमची प्रोसेस आणि थ्रेड कसे ओळखायचे

मार्च एंडच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या ज्युनिअरचा फोन आला, "दादा, सर्व्हरवर टॉप उघडलंय, एकच प्रोसेस ३९६ टक्के सीपीयू खातीये, व्हायरस असेल का, मारू का?" मी म्हटलं थांब, कशालाच हात लावू नकोस, आधी नाव वाचून दाखव. (टॉप म्हणजे कुठली प्रोसेस किती सीपीयू खातीये ते दाखवणारी लिनक्सची कमांड.) त्याने वाचलं, क्यूएमू-सिस्टम-एक्स८६. म्हणजे जी प्रोसेस तो मारायला निघाला होता ती आमच्या अकाउंट्सची अख्खी व्हीएम होती (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर), आत डेटाबेस चालू, पाच माणसं बसून एंट्र्या मारतायत, एक एंटर पडला असता तर सगळ्यांच्या स्क्रीन एकदम गेल्या असत्या.

पोराची चूक नव्हती. व्हीएम बनवायची कशी, आयएसओ कुठे लावायचा, डिस्क किती द्यायची हे सगळीकडे शिकवतात, पण ती व्हीएम चालू झाल्यावर खालच्या होस्टवर, म्हणजे ती ज्या खऱ्या मशीनवर चालते तिथे, कुठे दिसते, कुठल्या नावाने दिसते, आणि स्लो झाली की नेमकं कुठे बघायचं हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं असतं. त्याला त्या रात्री फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. सगळं लिनक्स होस्ट आणि केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) धरून आहे कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं, विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

कमांड मी फोनवर सांगतो तशा उच्चारून लिहितोय, मायनस म्हटलं की आडवी रेघ. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे कॅपिटल असं मुद्दाम लिहिलंय, बाकी सगळं स्मॉलमधे टाका, नाहीतर पीएस या चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडमधला स्मॉल टी आणि कॅपिटल टी यांचा अर्थ पार वेगळा होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. लिनक्स होस्टवर एक व्हीएम म्हणजे एक साधी प्रोसेस, आणि त्या व्हीएमला दिलेला एक व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) म्हणजे त्या प्रोसेसमधला एक साधा थ्रेड, प्रोसेसच्या आत वेगळा पळणारा धागा. एवढंच. ४ व्हीसीपीयू दिले असतील तर ४ थ्रेड, ८ दिले तर ८. फायरफॉक्स ही जशी प्रोसेस तशीच तुमची विंडोज सर्व्हरची व्हीएम ही पण प्रोसेस, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोघांना एकाच रांगेत उभं करतो.

हे असं का आहे तर ते केव्हीएमच्या जन्मापासूनच आहे. क्यूएमू हे फाब्रिस बेलार्डने २००३ मधे आणलेलं एम्युलेटर, म्हणजे खोटा मदरबोर्ड, खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड बनवून देणारा प्रोग्रॅम. पुढे २००५-०६ मधे इंटेल आणि एएमडी दोघांनी प्रोसेसरमधेच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली, आणि क्युमरानेट नावाच्या कंपनीत आवी किव्हिटीने त्या सोयीचा वापर करणारं केव्हीएम हे मोड्यूल लिहिलं, ते फेब्रुवारी २००७ मधे लिनक्स २.६.२० सोबत मुख्य कर्नलमधे आलं. २००८ मधे ती कंपनी रेड हॅटने घेतली. मला यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो तो हा की त्यांनी वेगळा शेड्युलर (सीपीयू कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) लिहिला नाही, वेगळं मेमरी मॅनेजमेंट लिहिलं नाही, लिनक्सकडे आधीपासून जे होतं तेच वापरलं. म्हणून आज आपल्याला व्हीएम बघायला कुठलंही महागडं टूल लागत नाही, पीएस, टॉप आणि प्रॉक फोल्डर (कर्नल प्रत्येक प्रोसेसची माहिती तिथे फाईलींसारखी दाखवतो) एवढ्यावर काम भागतं.

आधी प्रोसेस शोधा

टर्मिनलवर टाका, पीग्रेप मायनस ए क्यूएमू. जेवढ्या व्हीएम चालू तेवढ्या ओळी येतील, प्रत्येक ओळीत सुरुवातीला पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, आणि पुढे ही लांबलचक कमांड, स्क्रीन भरून जाते. घाबरू नका, त्यात फक्त चार गोष्टी बघायच्या. मायनस नेम नंतर गेस्ट इक्वल टू जे लिहिलंय ते व्हीएमचं नाव. मायनस एसएमपी नंतर व्हीसीपीयू किती. मायनस एम नंतर मेमरी. आणि ॲक्सेल समोर केव्हीएम आहे की टीसीजी, हे चौथं फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतो.

टॉपमधे नाव क्यूएमू-सिस्टम-एक्स८६ असं अर्धवट दिसतं कारण कर्नल नावाची फक्त १५ अक्षरं साठवतो, पूर्ण नाव पुढे अंडरस्कोर ६४ असं आहे. रेड हॅट, रॉकी, अल्मा या लिनक्सवर तीच प्रोसेस क्यूएमू-केव्हीएम नावाने असते. प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवायची तयार सिस्टम) नुसतं केव्हीएम दिसतं, आणि तिथे क्यूएम लिस्ट ही कमांड दिली की व्हीएमच्या नंबरसमोर पीआयडी थेट मिळतो. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर, पुढे येणारी व्हर्श ही त्याचीच कमांड) वापरत असाल तर रन फोल्डरमधे लिबव्हर्ट, त्यात क्यूएमू, तिथे व्हीएमच्या नावाची डॉट पीआयडी फाईल असते, कॅट केली, म्हणजे कॅट या कमांडने वाचली, की नंबर हातात.

पीआयडी मिळाला की तो कुठेतरी लिहून ठेवा आणि व्हीएम रीस्टार्ट केली की जुना विसरा. गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टमच्या, आतून रीबूट केलं तर साधारणपणे होस्टवरची प्रोसेस तीच राहते, पण व्हीएम बंद करून परत चालू केली तर नवीन प्रोसेस, नवीन नंबर. स्क्रिप्टमधे पीआयडी टाईप करून ठेवणाऱ्यांचा इथेच घोळ होतो.

एक प्रश्न हमखास येतो, की व्हीएमच्या आत चाललेला एसक्यूएल सर्व्हर किंवा एनजिनएक्स होस्टच्या पीएसमधे का नाही दिसत. नाहीच दिसणार. फ्लॅटच्या बाहेर लाईटचं मीटर असतं ना, बाहेरून तुम्हाला मीटर जोरात फिरतंय एवढं कळतं, आत गिझर लावलाय की इस्त्री ते कळत नाही, तसं आहे हे. आतली प्रत्येक प्रोसेस गेस्टच्या स्वतःच्या कर्नलला माहीत, होस्टला फक्त व्हीसीपीयूचा थ्रेड पळतोय एवढंच दिसतं. डॉकरचं (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) उलट आहे, कंटेनरमधला एनजिनएक्स होस्टच्या पीएसमधे नावासकट दिसतो कारण कर्नल एकच आहे. व्हीएम आणि कंटेनर यातला फरक कोणाला समजावायचा असेल तर मी लेक्चर देत नाही, दोन्ही चालू करून पीएस मारून दाखवतो, लगेच डोक्यात बसतं.

आता थ्रेड बघू

पीएस मायनस कॅपिटल टी मायनस पी आणि पुढे पीआयडी. एका प्रोसेसच्या जागी दहा-बारा ओळी येतील. पीआयडीचा कॉलम सगळीकडे सारखा, एसपीआयडीचा कॉलम वेगवेगळा, तो थ्रेडचा नंबर. लिनक्समधे थ्रेड म्हणजे पण एक टास्कच असतो, स्वतःचा नंबर असलेला, फक्त मेमरी इतरांसोबत वाटून घेणारा. हेच तुम्हाला प्रॉक फोल्डरमधे पीआयडीच्या आत टास्क नावाच्या फोल्डरमधे पण दिसेल, प्रत्येक थ्रेडचं एक फोल्डर, त्यात कॉम नावाच्या फाईलमधे थ्रेडचं नाव.

नावं काय असतात ते बघा. सीपीयू ० स्लॅश केव्हीएम, सीपीयू १ स्लॅश केव्हीएम अशी जी आहेत ती व्हीसीपीयूची, हीच खरी कामाची. ज्याचा एसपीआयडी आणि पीआयडी एकच तो मुख्य थ्रेड, तो इव्हेंट लूप चालवतो, म्हणजे मॉनिटरच्या (स्क्रीन नव्हे, क्यूएमूला आदेश द्यायची सोय) कमांड घेणं, टायमर, खोट्या डिव्हाइसची बरीचशी कामं. आयओ मॉन आयओथ्रेड हा मॉनिटरसाठीचा. वर्कर नावाचे येतात आणि जातात, डिस्कवर लिहिणं-वाचणं आलं की क्यूएमू हे कामगार बोलावतं, काम नसलं की थोड्या सेकंदांनी ते निघून जातात, म्हणून थ्रेडची संख्या एकदा १० दिसली आणि मग ३० दिसली तर काही बिघडलेलं नाही, व्हीएम डिस्कवर काम करतीये एवढाच अर्थ. व्हीएनसी वर्कर किंवा स्पाईस वर्कर हे स्क्रीन दाखवण्यासाठी. ही नावं दिसतच नसतील, सगळे थ्रेड एकाच नावाचे असतील, तर क्यूएमू हाताने चालू केलेलं असणार, लिबव्हर्ट डीबग-थ्रेड्स ऑन हा पर्याय स्वतःहून देतं, हाताने चालवताना तो मायनस नेमच्या सोबत आपण द्यायचा.

नेटवर्कचा थ्रेड मात्र बऱ्याच जणांना सापडत नाही. व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) नेटवर्क असेल तर पॅकेटं हलवायचं काम व्हीहोस्ट नावाचा कर्नलमधला थ्रेड करतो, त्याचं नाव व्हीहोस्ट मायनस आणि पुढे त्या व्हीएमचा पीआयडी असं असतं. ६.४ च्या आधीच्या कर्नलवर हा प्रोसेसच्या बाहेर, चौकोनी कंसात वेगळा दिसायचा, त्यामुळे व्हीएमवर मोठा बॅकअप चालू असला की टॉपमधे एक अनोळखी कर्नल थ्रेड वर यायचा आणि लोक गोंधळायचे. ६.४ पासून तो क्यूएमूच्या थ्रेडमधेच मोजला जातो, शोधणं सोपं झालंय.

कुठला व्हीसीपीयू कुठल्या थ्रेडवर हे नावावरून कळतंच, पण खात्री हवी असेल तर व्हर्श क्यूएमू-मॉनिटर-कमांड, पुढे व्हीएमचं नाव, डबल मायनस एचएमपी, आणि इन्फो सीपीयूज. प्रत्येक व्हीसीपीयूसमोर थ्रेड आयडी छापून येतो. व्हर्श व्हीसीपीयूइन्फो दिलं तर आत्ता तो कुठल्या खऱ्या कोअरवर आहे ते पण कळतं.

थ्रेड जिवंत असताना बघायचा

टॉप मायनस कॅपिटल एच मायनस पी पीआयडी. त्या एकाच व्हीएमचे थ्रेड सुटेसुटे दिसतील. एचटॉप आवडत असेल तर त्यात कॅपिटल एच दाबला की थ्रेड दिसतात-लपतात. पीएसच्या सीपीयू टक्क्यांवर इथे विसंबू नका, पीएस जे दाखवतं ती थ्रेड जन्मल्यापासूनची सरासरी असते, व्हीएम महिनाभर निवांत असेल आणि आत्ता दहा मिनिटं जळत असेल तरी पीएसमधे २ टक्केच दिसेल. आत्ताचं बघायचं तर टॉपच.

आता त्या ३९६ टक्क्यांचा उलगडा. एक पूर्ण कोअर म्हणजे १०० टक्के, व्हीएमला ४ व्हीसीपीयू दिलेत, म्हणजे चारही थ्रेड पूर्ण पळाले की ४०० च्या आसपास, वर मुख्य थ्रेड आणि वर्करचं थोडं धरून ४०० च्या जरा पुढे पण जाऊ शकतं. म्हणजे ३९६ म्हणजे व्हीएम आपला पूर्ण वाटा वापरतीये, एवढंच, व्हायरस वगैरे काही नाही. आत कोण वापरतंय ते गेस्टमधे लॉगिन करूनच कळणार.

थ्रेडच्या आत काय चालतं तेही थोडक्यात समजून घ्या कारण त्याशिवाय आकडे वाचता येत नाहीत. व्हीसीपीयूचा थ्रेड कर्नलला सांगतो की आता गेस्ट चालव. प्रोसेसर गेस्ट मोडमधे जातो आणि गेस्टचा कोड थेट खऱ्या कोअरवर पळतो, मधे कोणी भाषांतर करत नाही. गेस्टने असं काहीतरी केलं की जे त्याला स्वतःला करता येत नाही, समजा खोट्या डिस्कला हाक मारली, की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर येतो, याला एक्झिट म्हणतात. काही एक्झिट कर्नलमधे केव्हीएमच निपटवतं, उरलेली क्यूएमूपर्यंत वर जातात, काम झालं की परत आत. आणि गेस्टला काही कामच नसेल तर गेस्टचं कर्नल हॉल्ट ही सूचना देतं, मग होस्टवरचा तो थ्रेड झोपतो. म्हणून निवांत व्हीएमचे थ्रेड टॉपमधे एस स्टेटमधे असतात. झोपायच्या आधी केव्हीएम थोडी वाट बघतं, इंटेल-एएमडीवर मूळ सेटिंग जास्तीत जास्त २ लाख नॅनोसेकंदांचं, काम लगेच आलं तर उठवायचा वेळ वाचावा म्हणून, त्यामुळे गेस्टमधे सीपीयू ५ टक्के आणि होस्टवर त्याहून जास्त असं दिसलं तर दचकू नका.

हे वेगळं करून बघायला माझी सगळ्यात लाडकी कमांड पिडस्टॅट आहे, सिसस्टॅट पॅकेजमधे येते. पिडस्टॅट मायनस टी मायनस पी पीआयडी आणि शेवटी १, म्हणजे दर सेकंदाला. यात गेस्ट नावाचा वेगळा कॉलम आहे. टॉप गेस्टचा वेळ यूजरमधेच मिसळून दाखवतं, पिडस्टॅट वेगळा काढून देतं. गेस्ट कॉलम मोठा असेल तर व्हीएमच्या आत खरंखुरं काम चाललंय, आत जाऊन बघा. सिस्टम कॉलम मोठा असेल तर एक्झिट खूप होतायत, बहुतेक वेळा डिस्क किंवा नेटवर्कला व्हर्टआयओ न लावता जुनं आयडीई किंवा ई१००० ठेवलेलं असतं, ते आधी बदला. यूजर कॉलम मोठा असेल तर क्यूएमू स्वतः घाम गाळतंय, कशाचं तरी एम्युलेशन चाललंय. हे तीन कॉलम वाचता आले की अर्धी दुखणी कळतात, माझा तर अनुभव आहे की नव्वद रुपयांच्या जागी दहा रुपयांचं काम होतं, कारण लोक उगाच रॅम वाढवत बसतात.

आणि ते टीसीजीचं राहिलं होतं. थ्रेडचं नाव सीपीयू ० स्लॅश केव्हीएम असं न येता सीपीयू ० स्लॅश टीसीजी असं आलं तर तुमची व्हीएम प्रोसेसरची मदत घेतच नाहीये, प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमधे भाषांतर करून चालतीये, म्हणूनच विंडोज बूट व्हायला वीस मिनिटं लागतायत. बायोसमधे व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम (इंटेल आणि एएमडीची ती मघाची व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद असतं, नाहीतर डेव्ह फोल्डरमधल्या केव्हीएम फाईलची परवानगी तुमच्या यूजरला नसते. एलएसमॉड मारून केव्हीएम अंडरस्कोर इंटेल किंवा केव्हीएम अंडरस्कोर एएमडी लोड आहे का बघा, उबंटूवर केव्हीएम-ओके ही छोटी कमांड सरळ उत्तर देते. थ्रेडच्या एका नावावरून एवढा मोठा दोष सापडतो.

व्हीएम स्लो आहे पण सीपीयू तर मोकळा दिसतोय

आमची खरी अडचण ही होती, व्हायरसचा प्रश्न तर दोन मिनिटांत सुटला. मशीन ८ कोअरचं, पाच व्हीएम, प्रत्येकीला ४ व्हीसीपीयू, म्हणजे २० थ्रेड ८ कोअरवर बसवायचे. एरवी चालून जातं कारण सगळ्यांना एकदम भूक लागत नाही. मार्च एंडला सगळ्यांना एकदम लागली.

याला लग्नातली पंगत धरा. आठ पानं मांडलीत आणि वीस जण जेवायला आलेत. आठ बसले, बारा जण हात धुऊन उभे. उभ्यांना भूक आहे, ते तयार आहेत, पण पान नाही. गेस्टच्या आतून हाच वेळ स्टील, म्हणजे चोरीला गेलेला वेळ, म्हणून दिसतो, लिनक्स गेस्टमधे टॉप उघडा, वरच्या सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी लिहिलेलं असतं, तो आकडा. आमच्याकडे त्या संध्याकाळी तो २० च्या वर गेला होता, एरवी शून्याला चिकटून असतो. मी माझ्यापुरता नियम ठेवलाय की कामाच्या वेळी सतत ५ च्या वर राहिला की होस्टवर गर्दी झालीये असं धरायचं.

विंडोज गेस्टमधे एसटी नसतो, तिथे होस्टवरूनच मोजावं लागतं, आणि ते अगदी सोपं आहे. प्रॉक, पीआयडी, टास्क, थ्रेडचा नंबर, त्यात शेडस्टॅट नावाची फाईल, कॅट करा, तीन आकडे येतात. पहिला थ्रेड सीपीयूवर किती वेळ पळाला, दुसरा रांगेत किती वेळ उभा राहिला, दोन्ही नॅनोसेकंदात, तिसरा किती वेळा पान मिळालं. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा कॅट करा आणि दुसऱ्या आकड्यांची वजाबाकी करा. दोन अब्ज आला तर दहा सेकंदांतले दोन सेकंद तो थ्रेड नुसता उभा होता. पिडस्टॅटमधे वेट नावाचा कॉलम हेच टक्क्यांत देतो.

आता इथे जवळजवळ सगळे जण एकच चूक करतात आणि आमच्याकडेही ती झाली होती. अकाउंट्सची व्हीएम स्लो म्हणून तिचे ४ चे ८ व्हीसीपीयू करून दिले, आणि ती अजून स्लो झाली. कारण पानं आठच होती, उभे राहणारे वीसचे चोवीस झाले. शिवाय त्यात एक वाईट गोष्ट होते, समजा गेस्टच्या एका व्हीसीपीयूने आतमधे एखादं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) धरलंय आणि नेमकं त्याच क्षणी होस्टने त्या थ्रेडला उठवून दुसऱ्याला बसवलं, तर बाकीचे व्हीसीपीयू त्या लॉकची वाट बघत गोल गोल फिरतात. तुपाचं भांडं हातात असलेला वाढपीच बाहेर गेला, आता बसलेले सगळे वरणभात समोर घेऊन थांबलेत, पानं अडलेली आणि जेवण मात्र होत नाही. हल्लीचे प्रोसेसर आणि कर्नल ही स्थिती ओळखून थोडी सोडवतात पण पूर्ण नाही. म्हणून व्हीसीपीयू लागतील तेवढेच द्या. आम्ही फाईल सर्व्हर आणि प्रिंट सर्व्हरचे ४ चे १ केले, आणखी दोघांचे २ केले, अकाउंट्सला परत ४ वर आणलं. बेरीज दहा. एक पैसा खर्च न होता एसटी खाली आला.

कोअर बांधून द्यायचा असेल, म्हणजे पिनिंग, तर थ्रेड कळलेला असल्यामुळे ते सोपं जातं. व्हर्श व्हीसीपीयूपिन, व्हीएमचं नाव, व्हीसीपीयूचा नंबर, आणि कोअरचा नंबर. मुख्य थ्रेड आणि बाकीच्या मंडळींसाठी व्हर्श एम्युलेटरपिन. शेवटी डबल मायनस कॉन्फिग लावलं तर पुढच्या वेळी चालू होताना लागू होतं, डबल मायनस लाईव्ह लावलं तर आत्ता, दोन्ही पण लावता येतात. टास्कसेटने थेट थ्रेडच्या नंबरला पण बांधता येतं पण ते लिबव्हर्टला माहीत नसतं आणि व्हीएम बंद-चालू केली की पुसलं जातं, तपासण्यापुरतं ठीक आहे. आणि बांधायच्या आधी एलएससीपीयू मायनस ई नक्की बघा, हायपरथ्रेडिंग असेल तर कोअर कॉलममधे दोन लॉजिकल सीपीयूंचा नंबर एकच असतो, तुम्ही दोन जड व्हीसीपीयू त्याच एका खऱ्या कोअरवर बांधून बसाल. माझं स्पष्ट मत, छोट्या होस्टवर पिनिंगच्या नादी लागू नका, लिनक्सचा शेड्युलर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं बसवतो, आवाज किंवा व्हिडिओसारखं वेळेला चुकू न देणारं काम असेल तरच करा.

मेमरीचं थोडक्यात. टॉपमधे व्हर्ट कॉलम मोठा दिसतो तो सोडून द्या, आरईएस बघा. व्हीएमला ८ जीबी दिली म्हणजे लगेच ८ जीबी होस्टवरून जात नाही, गेस्ट जसजशी मेमरीची पानं (पेजेस) वापरतो तसतसा आरईएस वाढतो. पण गेस्टने आत मेमरी मोकळी केली म्हणून आरईएस आपोआप खाली येत नाही, बलून डिव्हाइस किंवा फ्री पेज रिपोर्टिंग (गेस्टची मोकळी मेमरी होस्टला परत देणाऱ्या सोयी) चालू असेल तरच. आणि सगळे थ्रेड एकाच मेमरीत राहतात हे विसरू नका. होस्टची मेमरी संपली तर कर्नल बहुतेक वेळा सगळ्यात जाड प्रोसेस निवडून मारतो, आणि सगळ्यात जाड कोण, तर तुमची सगळ्यात महत्त्वाची व्हीएम. व्हीएम रात्री आपोआप बंद पडली असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा डीमेसेजमधे (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) आउट ऑफ मेमरी शोधतो. होस्टला स्वतःसाठी काही जीबी बाजूला ठेवाच.

विंडोज होस्टवाल्यांसाठी. हायपर-व्हीमधे प्रत्येक व्हीएममागे व्हीएमडब्ल्यूपी नावाची एक प्रोसेस असते आणि तिच्या यूजर नेमच्या जागी व्हीएमचा लांबलचक आयडी दिसतो. तुम्ही व्हीएम बनवल्याच नाहीत तरी टास्क मॅनेजरमधे व्हीएममेमने सुरू होणाऱ्या नावाची प्रोसेस मेमरी खाताना दिसली तर ते बहुधा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधे लिनक्स चालवायची सोय) आहे, डब्ल्यूएसएल डबल मायनस शटडाऊन दिलं की मोकळी होते, आणि कायमची मर्यादा घालायची तर यूजर फोल्डरमधे डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाईल करून त्यात मेमरी आणि प्रोसेसर्स लिहा. व्हर्च्युअलबॉक्समधे विंडोजवर एकाच व्हीएमच्या तीन सारख्या नावाच्या प्रोसेस दिसतात, त्यातली मेमरीने मोठी तीच खरी. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमधे व्हीएमवेअर-व्हीएमएक्स, प्रत्येक व्हीएमला एक. नावं बदलतात पण व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअरमधेही व्हीसीपीयूमागे थ्रेड हे तसंच आहे.

राहिलं ते बंद करायचं. व्हीएम अडकली, प्रतिसादच नाही, तर आधी व्हर्श शटडाऊन, तो गेस्टला पॉवर बटण हलकेच दाबल्यासारखा निरोप आहे, दोन-तीन मिनिटं थांबा. नाहीच झालं तर टॉपमधे थ्रेडचे स्टेट बघा. डी दिसत असेल तर थ्रेड होस्टच्या डिस्कसाठी अडकलाय, एनएफएस किंवा स्टोरेज गेलंय का ते तपासा, अशा वेळी किल मायनस ९ मारून पण प्रोसेस बहुधा लगेच जात नाही, स्टोरेज परत आल्यावरच जाते, आणि स्टोरेज आलं की व्हीएम आपोआप सुरळीत पण होऊ शकते, म्हणून घाई नको. अगदी शेवटी व्हर्श डिस्ट्रॉय, हे नाव भीतीदायक आहे पण डिस्क पुसत नाही, चालत्या मशीनची वायर ओढल्यासारखं आहे, डेटाबेस आत चालू असेल तर त्याला नंतर रिकव्हरी करावी लागते. प्रोसेसला किल मायनस ९ म्हणजे हीच वायर ओढणं, फक्त लिबव्हर्टला न सांगता.

आमच्या ज्युनिअरने त्या रात्री सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "दादा, मग चार थ्रेडपैकी एकच ९९ टक्क्यांवर अडकला असेल तर तेवढाच एक मारता येईल ना?" नाही येत. किल मायनस ९ थ्रेडच्या नंबरला दिलं तरी कर्नल सगळी प्रोसेस मारतो, चारही व्हीसीपीयू, डिस्कचे वर्कर, स्क्रीन, सगळं एकदम. एक थ्रेड अडकला असेल तर गेस्टच्या आत जाऊन कुठली प्रोसेस एकाच कोअरवर फिरतीये ती शोधायची आणि ती मारायची. त्याने तेच केलं, दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट कोणीतरी दुपारी चालू करून घरी निघून गेलं होतं.